स्प्लिट ते दुब्रोव्हनिक, बोटीने: क्रोएशियाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

भूमध्य समुद्र म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इटली किंवा ग्रीस येतं. पहिल्यांदाच तिकडे जाणाऱ्याने मात्र आधी क्रोएशियातल्या डाल्मेशियाचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एड्रियाटिक हा भूमध्य समुद्राचाच एक फाटा, आणि डाल्मेशिया हा त्याच्या पूर्व किनाऱ्याचा भाग. स्प्लिट ते दुब्रोव्हनिक हे अंतर रस्त्याने साधारण २३० किलोमीटर. तेवढ्यात रोमन सम्राटाचा राजवाडा आहे, ग्रीकांनी आखलेली शेतं आहेत, व्हेनिसच्या अमलाखाली वाढलेली बेटांवरची गावं आहेत आणि साडेचारशे वर्षं तग धरून राहिलेलं एक चिमुकलं प्रजासत्ताकही आहे. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आला, त्याच दिवशी चलनही युरो झालं. त्यामुळे कागदपत्रांचं आणि पैशांचं काम बरंच सोपं झालं आहे.

खाली सगळं ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने दिलं आहे. क्रम महत्त्वाचा, कारण इथे बोटींच्या वेळा ठरल्याशिवाय दुसरं काहीच नक्की करता येत नाही.

पायरी १: एका टोकाने शिरा, दुसऱ्या टोकाने बाहेर पडा

नकाशा उघडा. वर स्प्लिट, खाली दुब्रोव्हनिक, मध्ये ह्वार आणि कोर्चुला ही बेटं. विमानाने स्प्लिटला उतरायचं, बेटं करत करत दुब्रोव्हनिकला पोचायचं आणि तिथूनच परतीचं विमान धरायचं. उलट दिशेने गेलात तरी चालेल, पण मी स्प्लिटपासून सुरुवात करा म्हणेन. दुब्रोव्हनिक आधी पाहिलं की बाकीची गावं उगाच फिकी वाटतात, आणि ते त्या गावांवर अन्याय करणारं आहे.

हिशोब सोपा: स्प्लिट ३ रात्री, ह्वार २, कोर्चुला २, दुब्रोव्हनिक ३. रजा कमी असेल तर ह्वार गाळा, कोर्चुला गाळू नका. ब्राच, विस, म्लेत ही बेटंही सुंदर आहेत, पण दहा दिवसांत सहा बेटं करायला निघालात तर धक्क्यावर बॅगा राखत बसण्यातच सहल संपेल.

पायरी २: महिना ठरवा

मेचा दुसरा पंधरवडा ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धा युरोप इथे लोटतो, भाडी चढतात आणि दुपारी दगडी गल्ल्या भट्टीसारख्या तापतात. आपल्या शाळांच्या सुट्टीत जायचं असेल तर मे बरा. पाणी तेव्हा जरा गार असतं, मुलं कुरकुरतील आणि तरीही उतरतील. सप्टेंबरात समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो आणि गर्दी ओसरू लागलेली असते. नोव्हेंबर ते मार्च बोटी कमी होतात, बेटांवरची निम्मी हॉटेलं कुलूप लावतात. पहिल्या खेपेला तेव्हा जाऊ नका.

वाऱ्यांची नावंही माहीत असू द्या, कारण बोट सुटणार की नाही हे तेच ठरवतात. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून सुखद वारा येतो तो माएस्त्राल. डोंगरावरून खाली कोसळणारा कोरडा, गार, झोंबरा वारा म्हणजे बुरा. आणि आग्नेयेकडून येणारा दमट, ढगाळ, मोठ्या लाटा उठवणारा युगो. युगो वाहत असताना माणसांची डोकी ठिकाणावर नसतात, म्हणून जुन्या दुब्रोव्हनिकमध्ये त्या दिवसांत महत्त्वाचे निर्णय घेत नसत, असं तिथले लोक सांगतात. खरं-खोटं त्या समुद्राला ठाऊक. पण युगोत कॅटामरान, म्हणजे वेगवान प्रवासी बोटी, रद्द होतात, हे पक्कं.

पायरी ३: व्हिसा

शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस अर्ज करता येतो. त्या १५ दिवसांवर विसंबू नका. हंगामात व्हिसा केंद्रातली अपॉइंटमेंट मिळवायलाच वेळ जातो. दोन-तीन महिने आधी कामाला लागा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५, शिवाय केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवासविम्यात किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण हवं. पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालू राहणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. क्रोएशियात १० रात्री आणि व्हिएन्नात २ असतील तर अर्ज क्रोएशियाकडेच. ‘अमुक देश लवकर व्हिसा देतो’ असं सांगणारे एजंट भेटतील, त्यांच्या नादी लागून खोटा कार्यक्रम दाखवू नका.

एक गोष्ट अर्जात आवर्जून मागा: एकाहून जास्त वेळा प्रवेश करता येईल असा व्हिसा. दुब्रोव्हनिकहून माँटेनेग्रोतलं कोटोर आणि बोस्नियातलं मोस्तार ही दोन गावं प्रत्येकी एका दिवसात होतात, पण हे दोन्ही देश शेंगेनबाहेर आहेत. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर सीमा ओलांडल्याक्षणी तो संपला. संध्याकाळी हॉटेलवर परतता येणार नाही.

पायरी ४: विमान

मुंबईहून क्रोएशियाला थेट विमान नाही. इस्तंबूल, आखातातली शहरं किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक, व्हिएन्ना इथे विमान बदलावं लागतं. तिकीट शोधताना ‘मल्टी सिटी’ हा पर्याय निवडा: जाताना मुंबई-स्प्लिट, येताना दुब्रोव्हनिक-मुंबई. दोन वेगवेगळी तिकिटं काढण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची सोय करणं विमान कंपनीच्या गळ्यात राहतं. जर्मनी किंवा ऑस्ट्रियात विमान बदलणार असाल तर इमिग्रेशनची रांग तिथेच लागेल, स्प्लिटला नाही. आता पहिल्या प्रवेशाच्या वेळी फोटो घेतात आणि बोटांचे ठसेही तपासतात, तेव्हा मध्ये किमान अडीच-तीन तास ठेवा.

पायरी ५: बोटी. इथे घाई करू नका

या किनाऱ्यावर दोन जातींच्या बोटी चालतात आणि नवखा माणूस हमखास गोंधळतो तो इथेच.

पहिली ‘त्रायेक्त’, म्हणजे गाड्या वाहून नेणारी मोठी फेरी. संथ, स्वस्त, वर उघडा डेक, पायी प्रवाशाला जागा मिळणार नाही असं सहसा होत नाही. दुसरी कॅटामरान: फक्त माणसं नेणारी, वेगवान, बंद, एसी, ठरावीक आसनांची. हिची तिकिटं हंगामात संपतात. याद्रोलिनिया ही मोठी सरकारी कंपनी दोन्ही चालवते. क्रिलो या नावाने चालणाऱ्या खासगी कॅटामरानही आहेत. दोन्हींची वेळापत्रकं त्यांच्या संकेतस्थळांवर असतात आणि ती ऋतूप्रमाणे बदलतात. मागच्या वर्षी कुणी सांगितलेली वेळ धरून खोली बुक करू नका.

आता मुख्य पेच. ह्वार हे बेटाचं नाव आहे आणि त्यावरच्या सगळ्यांत प्रसिद्ध गावाचंही. कॅटामरान त्या गावातच, चौकाला लागून असलेल्या धक्क्यावर उतरवते. स्प्लिटहून साधारण एक तास. गाड्यांची फेरी मात्र स्तारी ग्राद या दुसऱ्या गावाजवळ लागते आणि तिथून ह्वार गाव २० किलोमीटर. फेरीला जोडून बस असते, तरी हे माहीत नसलेला माणूस धक्क्यावर उतरून हॉटेल शोधत राहतो. कोर्चुलाचं तसंच: स्प्लिटहून येणारी गाड्यांची फेरी बेटाच्या पश्चिम टोकाला वेला लुका इथे येते, आणि जुनं कोर्चुला गाव पूर्व टोकाला, मध्ये चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा वळणांचा रस्ता. तिकिटावर नुसतं बेटाचं नाव बघू नका, बंदर कोणतं ते वाचा.

तेव्हा असं करा. एका कागदावर तीन प्रवास लिहा: स्प्लिट-ह्वार, ह्वार-कोर्चुला, कोर्चुला-दुब्रोव्हनिक. तिन्हीसाठी कॅटामरानच्या वेळा काढा. साधारण एप्रिल-मे ते ऑक्टोबर या काळात स्प्लिटहून ह्वार, कोर्चुला करत दुब्रोव्हनिकपर्यंत जाणारी कॅटामरान असते. या वेळा जुळल्या की मगच खोल्या बुक करा. व्हिसाच्या अर्जाला बुकिंग दाखवावं लागतं, म्हणून खोल्या फुकट रद्द करता येतील अशाच घ्या, आणि बोटीची तिकिटं विक्रीला आली की काढून टाका.

ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी आणि मागच्या बाजूला, मधल्या रांगेत बसावं. कॅटामरानच्या डेकवर उभं राहून वारा खायची सोय सहसा नसते. शेवटच्या दिवशी विमान असेल तर आदल्या रात्री मुख्य भूमीवर या. बेटावरून सकाळची बोट धरून दुपारचं विमान गाठण्याचा बेत वाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला असतो.

पायरी ६: खोली घेताना पायऱ्या विचारा

मोठी हॉटेलं बहुतेक गावाबाहेर आहेत. जुन्या गावात राहायचं तर घरगुती अपार्टमेंट; दारावर ‘अपार्टमानी’ किंवा ‘सोबे’ अशी निळी पाटी असते. मी आतच राहा म्हणेन, कारण दिवसभराची गर्दी गेल्यावर ही गावं खरी कळतात. पण आई-बाबा बरोबर असतील तर घरमालकाला थेट विचारा: धक्क्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, आणि दारापासून खोलीपर्यंत किती? जुन्या दुब्रोव्हनिकमध्ये हमरस्त्याच्या उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे सरळ जिनेच आहेत. गाड्या आत येत नाहीत, लिफ्ट नाहीत. चाकांची मोठी बॅग तिथे उचलूनच न्यावी लागते. पाठीवरची सॅक बरी.

स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. आणि किराणा शनिवारीच भरा: २०२३ पासूनच्या कायद्यामुळे दुकानांना वर्षातून १६ रविवारच उघडता येतं.

पायरी ७: स्प्लिट, म्हणजे राजवाड्यात वसलेलं गाव

सम्राट डायोक्लेशन याच परिसरातला. इ. स. ३०५ मध्ये त्याने आपण होऊन गादी सोडली आणि निवृत्तीसाठी समुद्राकाठी बांधवून घेतलेल्या या राजवाड्यात तो राहायला आला. पुन्हा सत्तेवर या म्हणून गळ घालायला माणसं आली तेव्हा त्याने आपल्या मळ्यातल्या कोबीचं कौतुक ऐकवून त्यांना परत पाठवलं, अशी कथा आहे. सातव्या शतकात जवळचं सालोना शहर आक्रमणांत उद्ध्वस्त झालं आणि तिथले लोक या तटबंदीच्या आत आसऱ्याला आले. ते राहिलेच. आजही राजवाड्याच्या खांबांना टेकून घरं, दुकानं, वाळत घातलेले कपडे दिसतात.

आत शिरायला समुद्राकडचा दरवाजा घ्या. तिथून थेट तळघरात जाता येतं. वरच्या मजल्यावरचे सम्राटाचे महाल कधीच मोडले, पण तळघरांची रचना त्या महालांसारखीच होती, त्यामुळे खाली फिरताना वरचा नकाशा कळतो. ही तळघरं शाबूत राहिली ती शतकानुशतकं वरच्या घरांतला कचरा त्यांत टाकला गेल्यामुळे! वर आलं की पेरिस्टाइल हा चौक. तिथल्या काळ्या दगडाच्या स्फिंक्ससमोर जरा थांबा: तो सम्राटाने इजिप्तहून आणवला, आणि राजवाडा बांधला गेला तेव्हाही तो दीड हजार वर्षांहून जुना होता. बाजूची अष्टकोनी इमारत म्हणजे डायोक्लेशनची समाधी. ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या या सम्राटाच्या समाधीचंच पुढे कॅथेड्रल झालं, आणि ते आहे संत डोमनियसच्या नावाने, ज्याला याच राजवटीत मारलं गेलं.

चौकात फिरायला तिकीट नाही. तळघराचा मोठा भाग, कॅथेड्रल आणि घंटाघर यांना आहे. सकाळी आठच्या आत या, नंतर क्रूझचे गट येतात. पूर्वेच्या दरवाज्याबाहेर भाजीबाजार, पश्चिमेकडे मासळीबाजार. त्या मासळीबाजारात माशा नसतात. शेजारच्या गंधकाच्या झऱ्यांच्या वासाने त्या फिरकत नाहीत असं सांगतात. एक दुपार त्रोगीरला द्या. पुलांनी जोडलेलं एवढंसं बेटावरचं गाव, आणि त्याच्या कॅथेड्रलला रादोव्हान नावाच्या शिल्पकाराने १२४० मध्ये कोरलेलं दार. विमानतळ त्रोगीरच्या जवळच आहे, त्यामुळे बस भरपूर.

पायरी ८: ह्वार

ह्वार गावाची ख्याती आता रात्रीच्या पार्ट्यांसाठी आहे. तुम्हाला ते नको असेल तर बंदरापासून दोन-तीन गल्ल्या वर खोली घ्या. पोहण्याच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगाने गावात फिरलात तर शेकडो युरोंचा दंड होऊ शकतो. धक्क्यावर तशी पाटीच आहे. चौक पाहा, त्या टोकाच्या जुन्या शस्त्रागारावर १६१२ मध्ये बांधलेलं नाट्यगृह पाहा, ऊन उतरल्यावर किल्ल्यावर चढा.

दुसरा दिवस मात्र स्तारी ग्रादसाठी. इ. स. पू. ३८४ मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी इथे वसाहत केली आणि मागच्या सपाट जमिनीचे चौकोनी तुकडे पाडले. मध्ये रचलेल्या दगडी बांधांची ती आखणी आजही जागेवर आहे आणि त्याच वाफ्यांत द्राक्षं नि ऑलिव्ह पिकतात. २००८ पासून हे मैदान जागतिक वारशात आहे. सायकल भाड्याने मिळते. फाटक नाही, गाइड नाही, फारसं कुणी नसतंही. मला विचाराल तर बेटावरची सगळ्यांत चांगली जागा हीच.

पायरी ९: कोर्चुला

तटबंदीतलं गाव इतकं लहान की अर्ध्या तासात प्रदक्षिणा होते. तरी इथे दोन रात्री काढा.

वरून पाहिलं तर गावाची आखणी माशाच्या काट्यासारखी दिसते: मधोमध एक कणा, दोन्ही बाजूंना गल्ल्यांची हाडं. नीट चालून बघा. पश्चिमेकडच्या गल्ल्या सरळ आहेत, म्हणजे उन्हाळी माएस्त्राल थेट आत यावा. पूर्वेकडच्या किंचित वाकवलेल्या आहेत, म्हणजे हिवाळी बुरा गावात घुसू नये. दुपारी चारच्या सुमारास आधी एका पश्चिमेच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहा, मग कणा ओलांडून पूर्वेच्या गल्लीत या. फरक अंगाला कळतो.

मार्को पोलोचं घर म्हणून एक जागा दाखवतात. तो इथेच जन्मला याला पुरावा नाही. व्हेनिसवाले हे ऐकूनही घेत नाहीत. पण १२९८ मध्ये याच बेटाजवळ जिनोआ आणि व्हेनिसच्या आरमारांची मोठी लढाई झाली हे खरं, आणि तो तिथेच पकडला गेला असं परंपरा सांगते. पुढे जिनोआच्या तुरुंगात त्याने सोबतच्या कैद्याला आपला प्रवास सांगितला. त्या वर्णनात आपलं ठाणंही येतं, तिथल्या राज्यासकट नि बंदरासकट. ठाणेकरांनी त्या घरासमोर फोटो काढायला हरकत नाही.

उन्हाळ्यात ठरावीक संध्याकाळी ‘मोरेश्का’ हा तलवारींचा नाच होतो. दोन राजांची सैन्यं एका मुलीसाठी लढतात, खऱ्या तलवारी एकमेकींवर आपटतात, ठिणग्या उडतात. तिकीट आदल्या दिवशी काढा.

इथून दुब्रोव्हनिकला कॅटामरानने जा, नाहीतर समोरच्या ओरेबिचला छोट्या बोटीने उतरून बसने. बसच्या वाटेवर स्तोन लागतं: पाच किलोमीटरहून लांब तटबंदी आणि शतकांपासून चालू असलेली मिठागरं. गाव एवढंसं, तट एवढा मोठा, कारण मीठ ही दुब्रोव्हनिकची तिजोरी होती.

पायरी १०: दुब्रोव्हनिक

बोट आणि बस दोन्ही ग्रूझला येतात. ग्रूझ म्हणजे जुनं शहर नव्हे. ते तिथून साधारण तीन किलोमीटर. शहराची बस पिले दरवाज्यापाशी सोडते.

पिलेतून आत शिरताच उजव्या हाताला ओनोफ्रियोचं मोठं कारंजं दिसेल. १४३८ मध्ये बारा किलोमीटरवरच्या झऱ्यातून आणलेलं पाणी. ते आजही पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या. समोर स्त्रादून हा हमरस्ता. त्याचा चुनखडीचा दगड पायांनी घासून आरशासारखा झाला आहे, पावसात गुळगुळीत चपलांनी चालू नका. दोन्ही बाजूंची घरं एकसारखी दिसतात, कारण ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात शहर कोसळलं आणि सरकारने एकाच नमुन्याने ती पुन्हा बांधून घेतली. तळमजल्याचं दुकान बघा: एकाच कमानीत अर्धा भाग दार आणि अर्धा भाग गुडघ्याइतक्या उंचीचा दगडी ओटा असलेली खिडकी. गिऱ्हाईक रस्त्यावर, माल ओट्यावरून हातात. स्वयंपाकघर सगळ्यांत वर, माळ्यावर, म्हणजे आग लागलीच तर खालचं घर वाचावं.

रागुझा या नावाने दुब्रोव्हनिकचं हे प्रजासत्ताक १३५८ पासून १८०८ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते बरखास्त करेपर्यंत टिकलं. सैन्यापेक्षा मुत्सद्देगिरीवर. तुर्कांना खंडणी भरायची, व्हेनिसला जवळ येऊ द्यायचं नाही, व्यापार सगळ्यांशी करायचा. त्यांचा प्रमुख, रेक्टर, फक्त एका महिन्यासाठी निवडला जाई आणि त्या महिन्यात सरकारी कामाशिवाय त्याने महालाबाहेर पडायचं नसे. रेक्टरचा महाल बघताना हे लक्षात ठेवा. १३७७ मध्ये साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना शहराबाहेर तीस दिवस थांबवण्याचा कायदा यांनीच केला. नंतरच्या काळातले लाझारेती, म्हणजे विलगीकरणाच्या इमारती, प्लोचे दरवाज्याबाहेर उभ्या आहेत.

शहराचा रक्षक संत व्लाहो, म्हणजे ब्लेझ, जागोजागी हातात शहराची प्रतिकृती घेऊन उभा दिसतो. गोव्यात गवंडाळीला याच संताचं, सांव ब्राझचं, जुनं चर्च आहे आणि पोर्तुगीज काळात आलेल्या रागुझाच्या व्यापाऱ्यांशी त्याचं नातं सांगितलं जातं.

तटबंदी १,९४० मीटरची. नुसतं तटाचं तिकीट सुमारे ४० युरोचं आहे आणि एक दिवसाचा दुब्रोव्हनिक पासही साधारण तेवढ्यालाच. पासमध्ये तट, रेक्टरचा महाल, इतर संग्रहालयं आणि शहराची बसही येते. म्हणजे सुटं तिकीट घेण्यात अर्थ नाही. दार उघडताच वर चढा. सावली नाही, वाट एकाच दिशेची, दीड-दोन तास लागतात. खाली पाहिलंत तर बहुतेक कौलं भडक नवी दिसतील, मधेमधे थोडी फिकट जुनी. १९९१-९२ च्या वेढ्यात, विशेषतः ६ डिसेंबर १९९१ च्या तोफमाऱ्यात, इथली छपरं मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाली. नवी कौलं ही त्याची खूण.

दुपारी शहरात थांबूच नका. जुन्या बंदरातून दहा-पंधरा मिनिटांत लोक्रुम बेटावर जा. मोर आहेत, सावली आहे, पोहायला खडक आहेत. शेवटची बोट चुकवू नका, तिथे रात्री राहायला बंदी आहे.

खाण्यापिण्याचं

मासे खाणाऱ्यांची चैन. फक्त मासा किलोच्या भावाने लागतो, तेव्हा तुमच्यासमोर आणलेला मासा वजन करून किंमत सांगायला लावा, मग होकार द्या. कटलफिशच्या शाईतला काळा भात एकदा खाऊन बघा; नंतर दात काळे दिसतात, फोटो आधी काढा. पाश्तित्सादा या नावाने मिळतं ते गोमांस असतं.

शाकाहाऱ्यांना उपाशी राहावं लागत नाही, पण विचारावं लागतं. ‘ब्लित्वा’ म्हणजे पालेभाजी-बटाटा-लसूण, आपल्या जिभेला लगेच पटतो. स्प्लिटच्या बाजूला ‘सोपार्निक’ ही पालेभाजी भरलेली पातळ पोळी मिळते. ‘पेकारा’ म्हणजे बेकरी. तिथलं चीजचं बुरेक सकाळी पुरेसं. ‘बेझ मेसा’ म्हणजे मांसाशिवाय, ‘बेझ रिबे’ माशाशिवाय, ‘बेझ याया’ अंड्याशिवाय. सूपात मांसाचं पाणी असू शकतं, ते वेगळं विचारा. घरून चकली, भडंग, कोरडी चटणी खुशाल न्या. तूप, पनीर, खव्याचे पदार्थ नेऊ नका. युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे. हापूसही घरीच संपवून या.

नळाचं पाणी पिता येतं. किनारे बहुतेक गोट्यांचे आहेत आणि पाण्यात समुद्री साळिंदराचे काटे, म्हणून रबरी बूट घ्या. एटीएम बँकेच्या शाखेतलं वापरा आणि ‘रुपयांत वळवू का’ असं यंत्राने विचारलं तर नाही म्हणा.

बोट रद्द झाली तर, आणि परतीचा रस्ता

स्प्लिट-दुब्रोव्हनिक बस साडेचार तासांच्या आसपास घेते. दुब्रोव्हनिकला रेल्वे नाही. बॅगेचे एक-दोन युरो वेगळे लागतात, सुटे ठेवा. या रस्त्यावर मध्येच न्यूम हा बोस्नियाचा चिंचोळा तुकडा समुद्राला टेकतो. व्हेनिसची हद्द आपल्या हद्दीला भिडू नये म्हणून १६९९ च्या तहाच्या वेळी रागुझाने ही पट्टी तुर्कांच्या हाती जाऊ दिली. तीनशे वर्षांनंतरही बसला त्याचं भान ठेवावं लागत होतं. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाच द्वीपकल्पाला जोडणारा पूल सुरू झाला आणि क्रोएशियाबाहेर न पडता जाता येऊ लागलं. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तिकीट काढताना बस पुलावरून जाते की न्यूमवरून, एवढं विचारून घ्या. गाडी भाड्याने घेणार असाल तर भारतातूनच आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या. पण या मार्गावर, बेटांच्या पार्किंगचा ताप पाहता, मी गाडी घेऊ नका म्हणेन.

दुब्रोव्हनिकचा विमानतळ चिलिपीला, शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर. विमानतळाची बस येताना पिलेला सोडते, पण जाताना पिलेला थांबत नाही. ती ग्रूझच्या बसस्थानकावर किंवा तटाच्या वरच्या अंगाला केबल कारजवळ धरावी लागते. जुन्या गावात राहिला असाल तर तिथपर्यंत चढ आहे, बॅगांसह पंधरा-वीस मिनिटं धरून निघा आणि बसमध्ये उजवीकडची खिडकी पकडा, समुद्र त्या बाजूला असतो.